कागदावरचं पाणी आणि नळातलं पाणी: वाळवंटातल्या टाउनचा पाणीपुरवठा कसा सांभाळायचा

दर उन्हाळ्यात एखादा तरी फोन येतो. “मावशी, नोकरी लागली! एका टाउनच्या पाणी विभागात. सोमवारी जॉइन होतोय. आधी काय वाचू?” अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फीनिक्सच्या आसपास सिव्हिलचं एमएस करून इथंच राहिलेली ही आपली पोरंपोरी. मंडळाच्या गणपतीत मोदकाचं सारण ढवळताना ओळख झालेली असते, आणि मावशीने सव्वीस वर्षं इथल्या एका झपाट्याने वाढणाऱ्या टाउनचं पाणी सांभाळलं, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं असतं. फोनवर तेच तेच किती वेळा सांगायचं, म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

माझं माहेर माण तालुक्यातलं. तिथं पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर आणि आम्ही स्वतःला दुष्काळी म्हणवतो. फीनिक्सला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरसुद्धा धड पडत नाही. तरी इथं बघता बघता घरांच्या नव्या आळ्या उभ्या राहतात आणि प्रत्येक नळाला चोवीस तास पाणी. नवीन आले तेव्हा मला वाटायचं, यात काहीतरी गडबड आहे. गडबड अशी नाही. पण इथलं पाणी आधी कागदावर असतं आणि मग नळात येतं, आणि ही दोन पाणी दर वेळी सारखी भरत नाहीत. त्यांचा ताळमेळ ठेवायचा, यालाच पगार मिळतो.

पहिला आठवडा: खतावणी स्वतः लिहा

खतावणी म्हणजे टाउनच्या पाण्याचा जमाखर्च. संगणकावर कुणीतरी करून ठेवलेली असेलच. ती बाजूला ठेवा आणि फुलस्केप कागद आडवा धरून हाताने लिहा. डावीकडे स्रोत: सॉल्ट आणि व्हर्डे नद्यांचं पाणी, कोलोरॅडोचं पाणी, विहिरींचं पाणी, प्रक्रिया केलेलं सांडपाणी. पुढे चार रकाने: किती, कुणाच्या नावावर, रांगेत कितवा (म्हणजे टंचाईत कापायची पाळी कधी येते), आणि कुठं वापरता येतं. बहुतेक नवे इंजिनिअर पहिला रकाना भरून थांबतात. गोत्यात आणतात ते उरलेले तीन.

एकक म्हणजे एकर-फूट. एक एकर रानात फूटभर पाणी उभं राहिलं की झालं एक एकर-फूट, म्हणजे ३,२५,८५१ गॅलन किंवा सुमारे १२.३ लाख लिटर. इथल्या तीन घरांना वर्षभर पुरतं. टीएमसीची सवय असलेल्यांसाठी: एक टीएमसी म्हणजे जवळपास २३,००० एकर-फूट. ॲरिझोनाचा कोलोरॅडोतला वाटा २८ लाख एकर-फूट, म्हणजे १२२ टीएमसी, आपल्या कोयनेपेक्षा थोडा जास्त. हे गणित डोक्यात बसलं की इथले आकडे ऐकून दडपण येत नाही.

आता एकेक ओळ.

सॉल्ट-व्हर्डेचं पाणी सगळ्यात जुनं आणि भरवशाचं. होहोकाम या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी खोदलेल्या कालव्यांच्या खुणांवर १८६७ नंतर इथल्या वसाहतवाल्यांनी पुन्हा कालवे काढले, १९०३ मध्ये शेतकऱ्यांनी जमिनी तारण ठेवून सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट उभा केला आणि १९११ मध्ये रूझवेल्ट धरण पुरं झालं. त्याच्या आदल्याच वर्षी न्यायाधीश केंट यांनी कुठल्या जमिनीला कोणत्या सालापासून हक्क, याचा निवाडा दिला. तो अजून चालतो. हे पाणी शहराचं नसतं, जमिनीचं असतं. सातबाऱ्याला चिकटलेलं म्हणा ना. ज्या प्लॉटवर पूर्वी कापूस होता तिथं आज बंगला असेल तर त्या बंगल्याला ते पाणी द्यायचं. रस्त्यापलीकडची जमीन प्रकल्पाबाहेरची असेल तर तिला द्यायचं नाही. पाइप एकच, पाणी मिसळलेलं, पण हिशेब वेगळा. म्हणून नकाशावर प्रकल्पाची हद्द लाल पेनने गिरवा आणि टेबलासमोर लावून टाका. माझ्या टाउनमध्ये ती हद्द एका शाळेच्या मैदानाच्या मधून जायची.

या पाण्याचा जुना संसार बघायचा असेल तर रात्री फीनिक्समधल्या एखाद्या जुन्या आळीत जा. अजूनही काही घरांच्या अंगणाला हातभर उंचीचे बांध आहेत आणि घरमालकाला पाण्याची पाळी येते, अगदी आपल्याकडे आवर्तन सुटल्यावर येते तशी. कालव्याचं दार उघडणाऱ्याला इथं स्पॅनिश नाव आहे, सान्हेरो. मी पहिल्यांदा त्याला भेटले तेव्हा तोंडातून निघून गेलं, “अय्या, हा तर पाटकरी!” पहाटे दोनची पाळी. एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, हातात बॅटरी घेऊन, झडपेपाशी घड्याळ बघत उभे. संत्र्याच्या झाडांखाली पाणी पसरत होतं आणि शेजारच्यांची पाळी कधी संपते यावर त्यांचं बारीक लक्ष. माणमध्ये असते तर हातात फावडं असतं, इतकाच फरक.

या कालव्यांचं एक लक्षात ठेवा. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी ते साधारण महिनाभर कोरडे करतात, नदीच्या दक्षिणेकडचे वर्ष संपायच्या सुमाराला आणि उत्तरेकडचे नव्या वर्षाच्या सुरुवातीला. पाणवनस्पती खायला सोडलेले गवत्या मासे तेव्हा हाकून दुसरीकडे न्यावे लागतात, ते एकदा जाऊन बघण्यासारखं असतं. तुमचं जलशुद्धीकरण केंद्र त्या कालव्यावर असेल तर त्या महिन्याचं पाणी कुठून आणायचं हे सप्टेंबरातच ठरवा. विहिरींचे पंप ऑक्टोबरात चालवून बघा. वर्षभर बंद असलेला पंप गरजेच्या दिवशी चालू होत नाही, हा अनुभव दोन्ही देशांत सारखाच आहे.

कोलोरॅडोची ओळ पेन्सिलने लिहा

दुसरी ओळ सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टची. कोलोरॅडो नदीवरच्या लेक हवासू जलाशयापासून फीनिक्सवरून टूसॉनपर्यंत ३३६ मैलांचा कालवा, १९७३ ला काम सुरू, १९९३ ला पुरं. वाटेत पाणी जवळजवळ २,९०० फूट वर चढवावं लागतं. म्हणजे तुमच्या नळात विजेचा मोठा भाग असतो; वीज महागली की पाणी महागतं.

यातली मेख रांगेत आहे. १९६३ मध्ये ॲरिझोनाने कॅलिफोर्नियाविरुद्धचा खटला जिंकला आणि २८ लाख एकर-फूट पक्के केले. पण कालव्याला केंद्राचा पैसा हवा होता, त्यासाठी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, कॅलिफोर्नियाची मतं हवी होती, आणि त्याची किंमत म्हणून १९६८ च्या कायद्यात कालव्याचं पाणी कॅलिफोर्नियाच्या मागे उभं राहिलं. टंचाई आली की आधी आपलं पाणी कापायचं. १९२२ च्या करारात नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या राज्यांना ७५-७५ लाख एकर-फूट वाटून दिले, १९४४ च्या तहाने मेक्सिकोला १५ लाख. बेरीज १६५ लाख. या शतकात नदीत सरासरी येतं ते सव्वाशे लाखांच्या आसपास. पंगतीत पानं जास्त मांडली आणि भात कमी शिजला, तर शेवटच्या पानावरच्या माणसाने काय करायचं?

त्याने लेक मीड या कोलोरॅडोवरच्या मोठ्या जलाशयाच्या पातळीवर डोळा ठेवायचा. दर वर्षी ऑगस्टच्या मध्यावर ब्युरो ऑफ रिक्लेमेशन या केंद्राच्या पाणी खात्याचा २४ महिन्यांचा अंदाज येतो. पुढच्या १ जानेवारीला पातळी १,०७५ फुटांच्या खाली जाणार असं त्यात दिसलं की पहिल्या टप्प्याची कपात, १,०५० खाली दुसरा, १,०२५ खाली तिसरा. ऑगस्ट २०२१ मध्ये इतिहासात पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली आणि २०२२ साठी ॲरिझोनाचे ५,१२,००० एकर-फूट गेले, साधारण २२ टीएमसी. बहुतेक झळ पिनाल काउंटीतल्या शेतकऱ्यांना बसली, कारण कालव्याच्या रांगेत तेच शेवटी. २०२३ ला दुसरा टप्पा लागला, ५,९२,००० गेले. त्यानंतर पुन्हा पहिला टप्पा. २००७ साली ठरलेले हे नियम २०२६ अखेर संपतात, तेव्हा आकडे बदलतील. सवय मोडू नका. मी ऑगस्टच्या त्या दिवशी दुसरी कुठलीही मीटिंग घ्यायची नाही.

तुमच्या टाउनचं पाणी कालव्याच्या कोणत्या वर्गातलं, हे करारपत्र उघडून स्वतः वाचा. शहरांचा आणि आदिवासी राष्ट्रांचा वर्ग वरचा. त्याखाली ‘एनआयए’ नावाचा, मुळात शेतीसाठी राखलेला वर्ग, ज्यातलं काही पाणी पुढे शहरांना मिळालं. तो आकडा खतावणीत पेन्सिलने लिहा. पेनने लिहिला की लोक त्यावर घरं बांधतात.

विहिरी, शंभर वर्षं आणि इथली गुंठेवारी

१९८० मध्ये गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांच्या काळात भूजलाचा कायदा झाला. फीनिक्स, टूसॉन, प्रेस्कॉट, पिनाल ही नियंत्रित क्षेत्रं ठरली. तिथं सहा किंवा जास्त प्लॉट पाडून विकायचे असतील तर शंभर वर्षं पाणी पुरेल हे आधी सिद्ध करावं लागतं. ऐकायला किती छान! जून २०२३ मध्ये राज्याच्या जलसंपदा विभागाने फीनिक्स क्षेत्राचं भूजलाचं गणित मांडलं: शंभर वर्षांत ४८.६ लाख एकर-फूट कमी पडतात, मागणीच्या सुमारे ४ टक्के. निव्वळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना दाखले देणं थांबलं.

‘सहा’ हा आकडा वाचलात? मग लोक पाच प्लॉट पाडतात. त्यातला एक विकत घेणारा पुन्हा पाच पाडतो. आपल्याकडे गुंठेवारीत जसं रस्ता, गटार, पाणी मागाहून येतं, अगदी तोच प्रकार, फक्त घरं मोठी आणि गॅरेज तीन गाड्यांचं. स्कॉट्सडेलच्या शेजारच्या रिओ व्हर्डे फूटहिल्समध्ये अशी शेकडो घरं टँकरवर होती. टँकर स्कॉट्सडेलमध्ये भरायचे. टंचाईचं कारण देऊन शहराने १ जानेवारी २०२३ पासून ते बंद केलं. त्या आठवड्यात मी टीव्हीवर बघितलं, लाखो डॉलरच्या घरातली बाई कागदी ताटल्यांत जेवण वाढत होती, भांडी घासायला नकोत म्हणून. माझी आई भांडी राखेने घासायची, त्याच कारणासाठी.

तुमच्या हद्दीला लागून अशी वस्ती असेल तर तिची मोजदाद आजच करा. आज ती तुमची ग्राहक नाही. उद्या कोरड्या बोअरवाले सगळे तुमच्या काउन्सिलच्या मीटिंगला येऊन बसतील, आणि माणुसकी म्हणून तुम्हाला काहीतरी द्यावंच लागेल. ते ‘काहीतरी’ किती, हे खतावणीत आधी लिहिलेलं बरं.

गळती शोधताना मी खाल्लेली माती

पुस्तकात शिकवतात: रात्री दोन ते चार लोक झोपलेले असतात, त्या वेळी जो प्रवाह दिसतो तो गळतीचा. दुसऱ्या वर्षी मी हे इमानेइतबारे केलं. मे महिन्यातला रात्रीचा प्रवाह इतका मोठा निघाला की मी साहेबांना लेखी अहवालच दिला. गळती शोधणारी माणसं दोन आठवडे रात्रभर व्हॉल्व्हना कान लावून फिरली. काही सापडेना. शेवटी मीच पहाटे तीनला गाडी काढली. मोठ्या रस्त्याला वळले आणि काच खाली केली तर सगळीकडून फिस्स-फिस्स आवाज. बँकेसमोरची हिरवळ, सोसायट्यांच्या कडेच्या पट्ट्या, चर्चचं लॉन, सगळ्यांचे फवारे सुरू. दिवसा पाणी उडून जातं म्हणून आम्हीच लोकांना रात्री टायमर लावायला सांगितलं होतं! दुसऱ्या दिवशी गळतीवाल्यांसाठी डोनटचा खोका घेऊन गेले आणि माफी मागितली.

तेव्हा वाळवंटी गावात रात्रीचा प्रवाह जानेवारीत मोजा, पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. तरीही काही टायमर चालू राहतात, म्हणून बागेची वेगळी मीटरं असतील तर त्यांची तासातासाची नोंद वजा करा. मग जे उरतं ते खरं. राज्याचा नियम असा की वर्षाला २५० एकर-फुटांवर पाणी पुरवणाऱ्याची गळती आणि बेहिशेबी पाणी मिळून १० टक्क्यांच्या आत पाहिजे. वार्षिक अहवाल ३१ मार्चपर्यंत द्यायचा. बेहिशेबीतलं बरंचसं पाणी जमिनीत नसतंच, ते म्हाताऱ्या मीटरांत हरवलेलं असतं. मीटर जुनं झालं की सावकाश फिरतं. आधी शाळा, हॉटेलं, इस्पितळं यांची मोठी मीटरं तपासा; घराघरांतली पाचशे मीटरं बदलून जे मिळत नाही ते कधी कधी तिथल्या पाचांत मिळतं.

वाढत्या गावाचं खास दुखणं: शिळं पाणी

हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. बिल्डर येतो, तीन हजार घरांचा आराखडा आणतो. पुढचा विचार करून सोळा इंची लाइन टाकतात, टाकी बांधतात. मग बाजार बसतो. साठ घरं होतात आणि काम थांबतं. तीन हजार घरांच्या पाइपात साठ घरांपुरतं पाणी सरकतं. जुलैत बाहेर ४३ अंशांच्या वर, २०२३ मध्ये तर सलग ३१ दिवस तसं होतं. जमीन तापलेली. पाइपातलं पाणी दिवसेंदिवस पडून, कोमट, क्लोरीन उडत चाललेला. क्लोरीन वाढवा म्हणाल तर जुन्या गरम पाण्यात त्याची ट्रायहॅलोमिथेन नावाची घातक रसायनं होतात, आणि त्यांची मर्यादा लिटरमागे ८० मायक्रोग्रॅम. इकडे आड, तिकडे विहीर.

मग हायड्रंट, म्हणजे रस्त्यावरची आगीसाठीची तोटी, उघडून पाणी सोडून द्यावं लागतं. भर जुलैत, वाळवंटात, रस्त्यावर. असंच एकदा आम्ही वसाहतीच्या टोकाला उभे होतो आणि एक निवृत्त गृहस्थ टोपी घालून तरातरा आले. “मला हिरवळ काढायला लावलीत आणि तुम्ही हे काय करताय?” खरं सांगते, माझ्याकडे उत्तर असूनही मान खाली गेली. मी त्यांना वाहत्या पाण्याखाली हात धरायला सांगितला. त्यांनी चटकन मागे घेतला, अंघोळीच्या पाण्याइतकं गरम. मग काचेच्या दोन कुप्या घेतल्या. एकीत गावातल्या नळाचं पाणी, एकीत हे. दोन्हीत डीपीडीची पूड टाकली; पाण्यात क्लोरीन असेल तर ती गुलाबी रंग देते. गावातलं पाणी गुलाबी झालं, यात जेमतेम रंगाची छटा आली. आमच्या गावी ग्रामपंचायतीचा शिपाई क्लोरीन तपासायला ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकून पिवळा रंग बघायचा, ते आठवलं. गृहस्थ कुपी उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले. नंतर म्हणाले, “मग ही लाइन इतकी मोठी टाकली कुणी?” प्रश्न बरोबर होता.

उपाय सांगते. बिल्डरकडून लाइन टप्प्याटप्प्याने टाकून घ्या, आणि टोकं बंद न ठेवता एकमेकांना जोडून घ्या. दोन टाक्या असतील तर हिवाळ्यात एक बंद ठेवा. टाकी रोज काठोकाठ भरलेली बघून साहेबांना बरं वाटतं, पण पाणी खालीवर झालं पाहिजे. मात्र आगीसाठीचा साठा कधीच मोडू नका. आणि पाणी सोडावंच लागलं तर ते रस्त्यावर जाऊ न देता जवळच्या बागेच्या हौदात जाईल अशी सोय करून ठेवा. टोपीवाल्या गृहस्थांमुळे आम्ही ती केली.

हिरवळ

लोक घरात पाणी कमी वापरतात की जास्त, याची फार चिंता करू नका. घरातलं पाणी ड्रेनेजमधून परत येतं, त्यावर प्रक्रिया होते, ते पुन्हा कामाला येतं. बाहेर शिंपडलेलं पाणी आकाशात जातं, ते परत येत नाही. या एका वाक्यावर लास वेगस उभं आहे. त्याच्या नेवाडा राज्याचा कोलोरॅडोतला वाटा फक्त ३ लाख एकर-फूट, १३ टीएमसी. पण घराघरांतलं सांडपाणी शुद्ध करून लेक मीडमध्ये परत सोडतात आणि जितकं सोडलं तितकं पुन्हा उचलता येतं. म्हणून तिथं सगळा जोर हिरवळीवर. गवत काढा, पैसे घ्या. चौरस फूटभर गवत काढलं की वर्षाला ५५ गॅलन वाचतात, म्हणजे ५०० चौरस फुटांच्या लॉनमागे लाखभर लिटर. २०२१ च्या कायद्याने तर दुभाजकांवरच्या आणि ऑफिसांसमोरच्या नुसत्या शोभेच्या गवताला २०२६ नंतर कोलोरॅडोचं पाणी बंद.

तुमच्या टाउनमध्ये एकदम कायदा आणू नका, काउन्सिलवाले दाराशी उभं करणार नाहीत. ऑक्टोबरपासून सुरुवात करा. इथलं उन्हाळी गवत बर्म्युडा, थंडी पडली की तपकिरी होतं. मग लोक ऑक्टोबरात त्यावर राय गवताचं बी टाकतात आणि ते उगवेपर्यंत दिवसातून दोन-तीनदा पाणी मारतात, कशासाठी, तर नाताळात अंगण हिरवं दिसावं. सोसायट्यांना एवढंच पटवा की समोरच्या पट्टीवर यंदा राय नको. पैसे वाचतात, खत वाचतं, कुणाचं काही जात नाही. आमच्याकडे सगळ्यात आधी तयार झाली ती वृद्धांची एक वसाहत. त्यांच्या माळ्याने काटकसरीचा हिशेब माझ्यापेक्षा चांगला मांडला.

दर टप्प्याटप्प्याने वाढणारे ठेवा, पहिला टप्पा खरोखर स्वस्त. जुलैत जानेवारीच्या जवळपास दुप्पट पाणी लागतं, आणि तुमचे पंप, टाक्या, पाइप सगळे त्या जुलैसाठी बांधावे लागतात, तेव्हा जुलैच्या वरच्या टप्प्याने त्याचा खर्च उचलावा. मोठ्या कुटुंबांची तक्रार येते आणि ती रास्त असते. घरात आठ माणसं असतील तर अर्ज घेऊन त्यांचा पहिला टप्पा वाढवून द्या.

जमिनीत टाकलेलं पाणी

फीनिक्सच्या सांडपाण्याचा मोठा वाटा पालो व्हर्डे अणुवीज केंद्र थंड करायला जातो. उरलेलं आणि कालव्याचं जास्तीचं पाणी उथळ तळ्यांत सोडून जमिनीत मुरवतात. आपल्याकडच्या पाझर तलावाची मोठी बहीण. मुरवलेल्या पाण्याचं राज्याकडे खातं उघडतं. कालव्याचं पाणी असेल तर ५ टक्के भूजलाला सोडून द्यायचं, बाकीचं तुमच्या नावावर जमा, पुढे कधीही काढा.

‘कधीही’ ठीक, पण ‘कुठूनही’ पाशी थांबा. नियमानुसार पाणी एका ठिकाणी मुरवून त्याच नियंत्रित क्षेत्रात दूरवरच्या विहिरीतून काढलं तरी कागद जुळतो. जमीन जुळत नाही. तुमच्या विहिरीखाली पाणी खालीच जातं, आणि गाळाची जमीन एकदा दबली की पुन्हा फुगत नाही. पिनालमध्ये इलॉयजवळ शेतीच्या उपशाने जमीन १५ फूट खचलीय, भेगा पडल्यात. म्हणून खतावणीत पाचवा रकाना काढा: मुरवलं कुठं, काढलं कुठं, मधलं अंतर. दर तिमाहीला विहिरींची पातळी फूट-इंचात स्वतः मापून घ्या. यंत्राचा आकडा आणि टेपचा आकडा यांत फरक पडला तर टेपवर विश्वास.

स्रोत बदलताना आणखी एक काळजी. १९९२ मध्ये टूसॉनने विहिरींऐवजी शुद्ध केलेलं कोलोरॅडोचं पाणी थेट घरांना सोडलं. जुन्या पाइपांतला गंज सुटला, नळांना तांबूस पाणी आलं, लोक इतके चिडले की १९९५ मध्ये मतदान करून तसं थेट पाणी देण्यावर निर्बंध घातले. मग ते पाणी शहराजवळच्या ॲव्हरा व्हॅलीत मुरवून, विहिरींतून काढून, मिसळून देऊ लागले. आज तेच टूसॉन साठवणुकीत इतरांच्या पुढे आहे. तुम्ही नवं पाणी आणाल तेव्हा जुन्या पाइपाचा दोन फुटी तुकडा कापून आणा आणि महिना-दोन महिने त्यातून नवं पाणी फिरवून बघा. स्वस्तातलं काम आहे.

शेवटी ते पत्र

टंचाईचा आराखडा हिवाळ्यात मंजूर करून घ्या. जुलैत सगळे तापलेले असतात. कोणत्या पातळीला काय बंद, हे आकड्यात लिहा. सर्वात जास्त पाणी वापरणाऱ्या पन्नास ग्राहकांची यादी आणि त्यांच्या बागकाम बघणाऱ्या माणसाचा नंबर जवळ ठेवा. मालकाचा नको. झडप माळ्याच्या हातात असते.

आणि बिल्डर येईल. येतोच. त्याला तुमच्याकडून ‘या वसाहतीला पाणी देऊ’ असं पत्र हवं असतं, बँक त्यावर कर्ज देते. तो चांगला माणूस असतो, मुलांच्या फुटबॉल टीमला टी-शर्ट देतो, आणि महापौर त्याला नावाने हाक मारतात. पत्राचा मसुदा कुणाकडून आयता घेऊ नका. त्यात चार गोष्टी असू द्या: पाणी कोणत्या स्रोतातलं, किती एकर-फूट, कोणत्या प्लॉटपुरतं, आणि पत्राची मुदत किती. आम्ही दोन वर्षांची ठेवायचो. दोन वर्षांत पाया खोदला नाही तर पाणी खतावणीत परत. माझ्या आधीच्या माणसाने मुदत न घालता दिलेली अकरा पत्रं मला कपाटात सापडली होती, एक तर मी शाळेत असतानाचं. ती सगळी मिटवायला सहा वर्षं लागली. तेव्हा सोमवारी गेलात की कॉफी घ्यायच्या आधी ते कपाट उघडा.